भांडे एक, ढवळणारे अनेक

स्वित्झर्लंडच्या फ्रीबूर प्रांतातल्या जुन्या वळणाच्या उपाहारगृहात फॉन्ड्यू मागवले, की स्वयंपाकघराचे काम तिथेच संपत नाही. जाड बुडाचे, 'काकलों' नावाचे भांडे टेबलावरच्या लहानशा शेगडीवर ठेवले जाते. वेटर ज्योत बेताची करून देतो आणि निघून जातो. उरलेला स्वयंपाक जेवणाऱ्यांनी करायचा असतो.

भांड्यात ग्रुयेर आणि वाशरँ ही दोन प्रकारची चीज निम्मी-निम्मी घेऊन पांढऱ्या वाइनमध्ये वितळवलेली असतात. ग्रुयेरच्या एका मोठ्या चकतीला सुमारे ४०० लिटर दूध लागते, आणि ती निदान पाच महिने मुरावी लागते. लांब काट्याला पावाचा तुकडा टोचायचा, तो थेट तळापर्यंत न्यायचा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा आणि मग उचलायचा. पाव बुडवणे आणि भांडे ढवळणे, दोन्ही एकाच हालचालीत होते.

या ढवळण्याला कारण आहे. वितळलेल्या चीजमध्ये स्निग्धांश, प्रथिने आणि पाणी जेमतेम एकत्र नांदत असतात. वाइनमधला आंबटपणा आणि थोडे पिठूळ स्टार्च त्यांना सांभाळून घेतात. पण आच वाढली किंवा भांडे तसेच राहू दिले, तर तेलकट थर सुटतो आणि खाली गोळा बसतो. म्हणजे माझा घास मऊसूत निघाला, तर त्याचे श्रेय माझ्या आधी ज्याने काटा फिरवला त्याचे. आणि मी नुसते वरवर बुडवून घेतले, तर नुकसान माझ्यानंतरच्याचे.

एकाच भांड्यात सगळ्यांचे काटे, हे पाहून मराठी मनात पहिला प्रश्न उष्ट्याचा येतो. तो प्रश्न तिथल्या रीतीलाही ठाऊक आहे. काट्याला ओठ-जीभ लावू नये, तुकडा दातांनी अलगद ओढून घ्यावा, असा शिष्टाचार आहे. एकत्र खायचे तर दुसऱ्याची काळजी आधी. गोपाळकाल्यात प्रत्येकाची शिदोरी एकत्र होते, तसे इथे प्रत्येकाचे राखणे एकत्र होते.

फॉन्ड्यूला आज स्विस लोक राष्ट्रीय पदार्थ मानतात. वाइनमध्ये चीज शिजवण्याची एक कृती झुरिकच्या १६९९ सालच्या लिखाणात सापडते, पण पदार्थ देशभर पोचला तो बराच नंतर. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या स्विस चीज युनियनने चीजचा खप वाढावा म्हणून १९३० च्या दशकात त्याचा जोरात प्रचार केला. हे कळल्यावर काहींना वाटते, मग ही परंपरा खरी कशी? मला ती त्यामुळे उणी वाटत नाही. जाहिरात पदार्थ घरोघरी पोचवू शकते. भांड्याभोवती माणसे बसवून पिढ्यानपिढ्या ढवळत ठेवणे तिच्या हातात नसते. ती युनियन १९९९ मध्ये बंद झाली. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श अशा चार भाषांच्या त्या देशात हिवाळा आला की भांडी अजूनही शेगडीवर चढतात. परंपरेचे वय किती, यापेक्षा ती आज कोण निगुतीने सांभाळते आहे, हे मला मोलाचे वाटते.

भांडे रिकामे होत आले की तळाशी चीजची खरपूस, सोनेरी पापडी धरलेली दिसते. तिला 'रलिजियूज' म्हणतात. ती खरवडून काढतात आणि टेबलावरच्या सगळ्यांना वाटतात. ज्योत सांभाळली असेल, तर तळाशी ही मेजवानी मिळते. दुर्लक्ष झाले असेल, तर त्याच तळाशी करपलेला काळा थर.

घर, संस्था, गाव ही आपलीही सामाईक भांडीच आहेत. त्यांतून आपला वाटा आपण हक्काने घेतो, आणि घ्यावाच. पण प्रत्येक वेळी हात तळापर्यंत गेला पाहिजे. ढवळण्याचे काम कुणा एकाचे नेमून दिलेले नाही, म्हणूनच ते प्रत्येकाचे आहे.