शिदोरीचे ऋण

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ साली आंदोलनामुळे अवघ्या महाराष्ट्राच्या तोंडी झाले. आम्ही मात्र तेथे गेलो होतो ते एका माउलीच्या वर्षश्राद्धाच्या कीर्तनास. चार लेकरे वाढविली, अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे हाताने केले, आणि गावच्या सप्ताहात चुलीपुढची जागा कधी सोडली नाही, अशी ही बाई. मुलगा सांगत होता, "महाराज, आई दिंडीसंगं बारा वेळा पंढरीला गेली. पण भांड्यांच्या गाडीतून पुढं जायची, सैपाकाला. वाटेत एक कीर्तन काही तिला पुरतं ऐकायला मिळालं नाही."

आम्ही कीर्तनास उभे राहिलो आणि, काय सांगावे, सवयीने पतिव्रताधर्म लावला. मग श्रोते पेंगू लागले म्हणून तुकोबारायांच्या जिजाईचा कजागपणा रंगवून सांगितला. चाळीस वर्षे सांगत आलो आहोत. हंशा पिकला. आरती झाल्यावर एक वृद्ध आजी काठी टेकीत आल्या, पाया पडल्या आणि म्हणाल्या, "म्हाराज, भंडाऱ्यावर भाकर कोन नेत होतं?"

आम्ही म्हणालो, "जिजाई."

"मंग हसायचं कशाला?"

वाचकहो, न्याय आणि व्याकरण शिकण्यात आमची उमेदीची वर्षे गेली, पण या पूर्वपक्षाला उत्तर सुचले नाही. त्या रात्री झोप आली नाही.

जिजाई ही पुण्याच्या अप्पाजी गुळव्यांची लेक. दुष्काळाने घर धुऊन नेलेले, सवत रखुमाई त्यातच गेलेली, नवरा डोंगरावर नामात दंग. ती रागावली, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. रागावूनही शिदोरी घेऊन डोंगर चढली, हे घाईने उरकतो. तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वेळी ती गरोदर होती. पुढे जन्मला तो नारायण. त्याला तिनेच वाढविले, आणि त्याच नारायणबाबांनी १६८५ साली पालखी सुरू केली. म्हणजे आज आपण ज्या पालखीमागे चालतो ती जिजाईच्या लेकाची! अहो, ही गोष्ट आम्हाला ठाऊक होती, पण दोन्ही टोके एकत्र बांधून कधी पाहिली नव्हती.

पैठणचेच पाहा. नाथांनी श्राद्धाचे अन्न अस्पृश्य मानलेल्यांना वाढले, हा त्यांचा मोठेपणा आपण गातो. तो दुसरा स्वयंपाक कोणी रांधला? गिरिजाबाईंनी. पाणिनीने 'पत्नी' हा शब्द यज्ञाच्या संबंधाने सिद्ध केला आहे. यज्ञात जिचा वाटा ती पत्नी. मग पुण्य सांगताना तिचा वाटा कोठे जातो?

अलीकडच्या काळातल्या साधनाताई आमटे घ्या. नागपूरच्या घुल्यांची इंदू, जन्म १९२६ चा, घराणे सनातनी, संस्कृत विद्येचे. लग्नघरात सगळे मौजेत असता ही मुलगी मागील दारी म्हाताऱ्या मोलकरणीला धुणे धुवायला मदत करीत होती. ते मुरलीधर आमट्यांनी पाहिले आणि हिच्याशीच लग्न करायचे असे मनाशी ठरविले, अशी हकीकत आहे. १९४६ च्या डिसेंबरात लग्न झाले. १९५१ साली वरोऱ्याजवळच्या खडकाळ रानात आनंदवन सुरू झाले तेव्हा सोबत सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि पदरात विकास व प्रकाश ही दोन लहानगी.

येथे आम्ही अडतो. लोक ज्यांची सावली टाळीत त्यांच्यात आईने आपली पोरे वाढवावी काय? परोपकारासाठी लेकरांना पणाला लावण्याचा अधिकार कोणाचा? पुढे दोघेही डॉक्टर झाले आणि सेवेतच राहिले, म्हणून आज आपण धन्य म्हणतो. पण त्या वेळी ताईंना पुढचे काय दिसत होते? फळ पाहून दिलेला निवाडा आमच्या मते खरा नव्हे. त्या भीतीसकट तेथे राहिल्या, हेच तोलायचे.

आणि ताई नवऱ्याची नुसती सावली नव्हत्या. बाबांना कर्मकांडाचे वावडे, ताईंची देवावरची श्रद्धा मात्र सुटली नाही. पाठीच्या दुखण्याने बाबांना बसता येईना, तेव्हाही त्या नर्मदेकाठी कसरावदला त्यांच्यासोबत राहिल्या. आत्मचरित्राला त्यांनी नाव दिले 'समिधा'. ९ जुलै २०११ रोजी त्या गेल्या.

आता कोणी म्हणेल, महाराज, बाईच्या त्यागाची स्तुती करून तुम्ही तिला चुलीपाशीच बसवता. आक्षेप खरा आहे. स्तुती फुकट असते, आणि ती ऐकून परातीपाशी जागा बदलायला कोणी उठत नाही. आम्हीही चाळीस वर्षांत कधी उठलो नव्हतो.

पुढच्या आषाढीला त्या दिंडीत आम्ही होतो. एका मुक्कामी विणेकऱ्यांना सांगितले, आज पीठ पुरुष मळतील. कुरकूर झाली. आम्हीही बाह्या सारून बसलो. भाकरी जाड झाल्या, काही करपल्या, पंगत दोन तास उशिरा बसली. कीर्तनात पुढच्या रांगेला सगळ्या बाया होत्या. त्या काठीवाल्या आजी म्हणे तिथेच गाढ झोपी गेल्या होत्या. कोणी त्यांना उठविले नाही.