भाडेकरू हवा आहे

घरमालक भाडेकरूची चातकासारखी वाट पाहतोय, असे दृश्य तुम्ही कधी पाहिले आहे? आपल्याकडे घरमालक भाडेकरूची वाट पाहत नाही, लावतो. पण अमेरिकेत वाट पाहणारी अशी हजारो माणसे आहेत. स्वतःला ती चक्क 'लँडलॉर्ड' म्हणवतात. त्यांचा भाडेकरू म्हणजे पर्पल मार्टिन, आपल्या भिंगरीच्या कुळातला पक्षी. थंडीत दक्षिण अमेरिकेत राहायचे आणि वसंतात उत्तरेला येऊन संसार थाटायचा, हा त्याचा शिरस्ता.

त्याच्यासाठी ही मंडळी परसात बारा-पंधरा फुटी खांबावर पांढरीशुभ्र चाळ उभारतात. जवळपास झाड नको, कारण साहेबांना मोकळे आकाश लागते. मादीला कॅल्शियम हवे म्हणून अंड्यांची टरफले ठेवायची, पहाटे मार्टिनच्याच गाण्याची टेप लावायची. इतके करूनही चाळ वर्षानुवर्षे रिकामी राहू शकते!

बरे, भाडे काय? हा पक्षी दिवसाला दोन हजार डास खातो, अशी एकेकाळी जाहिरात असे. पुढे कळले की तो उंचावर उडून चतुर, भुंगेरे असले मोठे किडे खातो. डास अगदीच थोडे. म्हणजे भाडेही बुडाले. तरी लोक चाळी बांधतातच. याला मी निष्काम कर्मयोग म्हटले असते. पण मध्येच चिमणी आली.

हो, आपलीच चिमणी! १८५०च्या सुमारास तिला युरोपातून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये आणून सोडले. आता मार्टिनची चाळ टांगली की ही आधी हजर. अंडी फोडते, पिल्ले मारते. मग तो प्रेमळ लँडलॉर्ड तिचे घरटे उपसून फेकतो. काहीजण तिला पकडून मारतातही. देशी पक्ष्यांना तिथे १९१८च्या कायद्याचे संरक्षण आहे, तिला नाही. इकडे आपण नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१०पासून २० मार्चला चिमणी दिन पाळतो आणि तिच्यासाठी खोके टांगतो. पक्षी एकच, इथे लाडकी लेक, तिथे घुसखोर.

मग न्याय कुणाच्या बाजूने? 'निसर्गावर सोडा' म्हणणे सोपे आहे. पण चिमणीला तिथे निसर्गाने नेले नाही, माणसाने नेले. मार्टिनलाही तिथल्या मूळ रहिवाशांनी वाळके भोपळे टांगून माणसाच्या घराची सवय लावली. आज पूर्व अमेरिकेत तो जवळजवळ पूर्णपणे माणसाने दिलेल्या घरातच वीण करतो. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला आवतण दिले, त्याला ऐन वेळी 'तुमचे तुम्ही पाहा' म्हणणे ही तटस्थता नव्हे. तो दगा आहे.

तेव्हा माझे मत विचाराल तर चिमणीला बाहेर काढावे. अंडी घालण्याआधी, वेळेवर काढावे. मात्र काढताना तिला दुष्ट म्हणू नये. ती आपल्या पिल्लांसाठी घर शोधते आहे, आणि हा गुन्हा ठरवला तर आपल्यापैकी निम्मे लोक तुरुंगात जातील. एकाला आसरा देताना दुसऱ्याला दार लावावे लागतेच. लावावे, पण दार लावणारा हात आपला आहे, हे विसरू नये. त्याचे खापर निसर्गावर फोडले, की घरमालक म्हणवून घेण्याचा हक्क संपला.