उत्तर बरोबर, पण कशावरून?

गोदावरी आणि तापी यांची खोरी कोणत्या डोंगररांगेमुळे वेगळी झाली आहेत? पोलीस भरतीपासून राज्यसेवेपर्यंत कोणत्याही परीक्षेत शोभेल असा हा प्रश्न. नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्याच्या अभ्यासिकेत बसणारी मुले चारही पर्याय वाचून होण्याआधीच ‘सातमाळा-अजिंठा’चा गोल काळा करून पुढे सरकतात. गुण पदरात पडतो. पण ही रांग देवळ्याच्या दक्षिणेलाच उभी आहे. सोग्रसकडून येताना भावडबारीचा घाट उतरला की आपण गोदावरीचे खोरे मागे टाकून गिरणेच्या, म्हणजेच तापीच्या खोऱ्यात आलेलो असतो. रांगेच्या अलीकडे पडलेला पाऊस अरबी समुद्राकडे जातो, पलीकडे पडलेला बंगालच्या उपसागराकडे. वहीतले उत्तर आणि खिडकीतून दिसणारा डोंगर एकच आहेत, हे सांगायची जबाबदारी मात्र ना शाळेची, ना क्लासची, ना परीक्षेची.

यावर ठरलेली प्रतिक्रिया अशी की, सुटी माहिती म्हणजे ज्ञान नव्हे, पाठांतर थांबवा. मला ती अर्धीच पटते. घरात पुस्तकांचे कपाट असणाऱ्याला सामान्य ज्ञानाची टवाळी परवडते. शाळेतून आल्यावर कांद्याच्या चाळीत हात लावावा लागणाऱ्या मुलाला हा विषय वेगळा दिसतो. इंग्रजीला शिकवणी लागते, गणिताला पाया लागतो. सामान्य ज्ञानाला मात्र एक वर्तमानपत्र, एक पुस्तिका आणि चिकाटी एवढ्यावर सुरुवात करता येते. अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जीच्या बबिता ताडे शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवायच्या. २०१९ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’त त्यांनी एक कोटी रुपये जिंकले, तेव्हा त्यांच्या हाताशी दुसरे काही नव्हते, लक्षात ठेवलेले होते. जिथे पदवी, आडनाव आणि बोलण्याची ढब बाजूला राहते, असे मैदान आपल्या समाजात फारसे नाही. ते हिणवण्याआधी दोनदा विचार करावा.

‘आता सगळे मोबाईलवर सापडते, मग डोक्यात कशाला ठेवायचे?’ हा दुसरा आक्षेप. त्याला उत्तर म्हणून एक ताजे उदाहरण पुरेसे आहे. भारताची किनारपट्टी ७,५१६.६ किलोमीटर आणि महाराष्ट्राची ७२० किलोमीटर, हे आकडे आपल्या कित्येक पिढ्यांनी घोकले. केंद्र सरकारच्या नव्या मोजणीनुसार भारताचा आकडा ११,०९८.८१ किलोमीटर झाला, महाराष्ट्राचा ८७७.९७. समुद्राने जमीन दिली नाही की आपण कोणता प्रदेश जिंकला नाही. आधीची मोजणी १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावर होती, नवी १:२,५०,००० प्रमाणावर. नकाशा बारकाईचा झाला, तशी खाड्यांची वळणे, बेटे आणि किनाऱ्याची दंतुरता मापात आली. मोजपट्टी जितकी लहान, तितका किनारा लांब. बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञाने १९६७ मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याच्या लांबीवर निबंध लिहून हीच गोष्ट जगापुढे ठेवली होती.

ज्याच्या डोक्यात ७२० हा आकडा आधीपासून होता, त्यालाच ८७७.९७ खटकला. ज्याने काहीच पाठ केले नव्हते, त्याच्यासमोरून बातमी नुसती गेली. मोबाईल विचारलेल्याचे उत्तर देतो. विचारावे असे वाटण्यासाठी आधी मनात काहीतरी साठलेले असावे लागते. पाठांतराची खरी किंमत या खटकण्यात आहे. दुर्दैवाने आपली परीक्षापद्धती तिथवर पोहोचण्याआधीच घंटा वाजवते. तिला जुना आकडा खोडून नवा लिहिणारा विद्यार्थी पुरतो, आकडा का बदलला हे विचारणारा लागत नाही.

असे का होते, याचे कारण प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या आळसात शोधू नये. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. एवढ्या गर्दीला चाळणीच लागते, आणि चाळणीची पहिली अट म्हणजे उत्तरावर वाद नको. परीक्षेनंतर उत्तरतालिका लागते, हरकती मागवल्या जातात, पुराव्यादाखल पुस्तकांची पाने जोडली जातात, प्रश्न रद्द होतात, प्रकरण कोर्टात जाते. साहजिकच प्रश्नकर्ता सुरक्षित प्रश्न शोधतो: सन, उंची, लांबी, पहिला, सर्वांत मोठा. सामान्य ज्ञानात काय यावे, हे त्यामुळे जाणण्याजोगे काय आहे यावर ठरत नाही. हरकत कशावर येणार नाही यावर ठरते. उन्हाळ कांदा चाळीत महिनोन्महिने टिकतो आणि खरिपाचा लाल कांदा लगेच विकावा लागतो, यावर उमराण्याच्या बाजारातला भाव वर्षभर हलतो. पण हे ज्ञान ‘सामान्य’ असूनही त्या विषयाच्या बाहेरच राहते.

शिवाय ज्यावर वाद नाही असे वाटते, तिथेही तो दडपलेला असतो. भारतातला पहिला चित्रपट? ‘राजा हरिश्चंद्र’, ३ मे १९१३, दादासाहेब फाळके. त्र्यंबकेश्वरात जन्मलेले फाळके आपल्या जिल्ह्याचे, म्हणून हे उत्तर नाशिककर जरा अभिमानानेच देतो. पण मुंबईतल्या कोरोनेशन चित्रपटगृहात १८ मे १९१२ रोजी दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ दाखवला गेला होता. तो रंगमंचावरच्या नाटकाचे चित्रण होता, छायाचित्रण परदेशी माणसाचे होते आणि फिल्मवर प्रक्रिया लंडनमध्ये झाली, म्हणून अभ्यासक त्याला बहुधा पहिलेपणाचा मान देत नाहीत. ते योग्य असेलही. मात्र ‘पहिला’ ठरवायला आधी ‘चित्रपट कशाला म्हणायचे’ हे ठरवावे लागते, ही या प्रश्नातली शिकण्यासारखी गोष्ट. आणि चार पर्यायांत नेमकी तिलाच जागा नाही.

माहितीच्या या तुकड्यांना एकमेकांची ओळखही नसते. भूगोलाच्या धड्यात सातमाळा, इतिहासाच्या धड्यात दिंडोरीची लढाई. सन? १६७०. ऑक्टोबरमध्ये सुरतेची दुसरी लूट करून शिवाजी महाराज बागलाणातून परतत होते. दाऊदखान कुरेशीच्या मोगल फौजेशी त्यांची गाठ पडली ती १७ ऑक्टोबरला, कांचनबारीत, म्हणजे याच सातमाळा रांगेच्या खिंडीत. उत्तरेकडून दक्षिणेत उतरायचे तर ही भिंत ओलांडावी लागते, आणि मोठी फौज व लादलेली जनावरे घेऊन ती फक्त बाऱ्यांमधून ओलांडता येते. पाण्याची वाटणी करणारा डोंगरच सैन्याची वाट ठरवतो. ही जोड लागली की एक गुणाचे दोन प्रश्न मिळून एक समजूत तयार होते आणि सन विसरला तरी ती समजूत जात नाही. राहुडबारी, भावडबारी रोज ओलांडणाऱ्या इथल्या मुलांना ही जोड लावायला पुण्याच्या क्लासची गरज नाही.

मराठीत याचा विचार कुणी केला नव्हता असे नाही. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला, तेव्हा त्यांनी ‘अ’पासून सुरुवात केली नाही. तेवीस खंडांपैकी पहिले पाच प्रस्तावनेचे: हिंदुस्थान आणि जग, वेदविद्या, बुद्धपूर्व जग, बुद्धोत्तर जग, विज्ञानेतिहास. अकारविल्हे नोंदी त्यानंतर. कोशातली प्रत्येक नोंद सुटीच असणार हे त्यांना ठाऊक होते, म्हणून ती कशात बसवायची याची चौकट त्यांनी वाचकाच्या हाती आधी दिली. आज आपण नोंदी ठेवल्या आणि प्रस्तावना फाडून टाकली आहे.

मग परीक्षा वर्णनात्मक करावी का? राज्यसेवा मुख्य परीक्षेबाबत लोकसेवा आयोगाने तो निर्णय घेतला. २०२३ च्या सुरुवातीला पुण्यात विद्यार्थ्यांनी आंदोलन केले आणि अंमलबजावणी २०२५ पर्यंत पुढे गेली. निर्णय बरा आहे, पण त्यावर फार भिस्त ठेवू नये. तयार उत्तरांच्या वह्या बाजारात यायला वेळ लागत नाही, आणि दहा लाख निबंध तपासणे कोणत्याही यंत्रणेला शक्य नाही. तसेच बहुपर्यायी प्रश्नही मुळात वाईट नाहीत. विधान आणि कारण यांचा संबंध विचारणारे प्रश्न आजही असतात, त्यांचे प्रमाण वाढवता येईल. त्याहून सोपी सुरुवात शाळांच्या प्रश्नमंजूषेत होऊ शकते. एक गुण उत्तराला, एक गुण ‘कशावरून?’ला. नियम एवढाच, खर्च शून्य.

हा हट्ट कशासाठी, हे या परीक्षांमधून निवडल्या जाणाऱ्या माणसांच्या कामाकडे पाहिले की कळते. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस म्हणजे अतिवृष्टी, हा आकडा तलाठी होऊ पाहणाऱ्या प्रत्येकाला पाठ असतो. पण पाऊस मोजला जातो मंडळातल्या पर्जन्यमापकावर, आणि डोंगराळ भागात एका गावाचे शेत वाहून जात असताना चार कोसांवरचे मापक कोरडे असू शकते. नुसता आकडा पाठ असलेला तलाठी ‘निकषात बसत नाही’ असे लिहून मोकळा होईल. मापक कुठे आहे, त्याच्या आणि या शिवाराच्या मध्ये काय आहे, असे ज्याला विचारावेसे वाटेल, तो बांधावर जाऊन पाहील आणि तसा अहवाल वर पाठवील. दोघांना परीक्षेत गुण सारखेच पडलेले असतील. त्यांच्यातला फरक शेतकऱ्याला कळतो. तो परीक्षेलाही कळावा, एवढीच मागणी आहे.