पुन्हा कांदाच

आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. कांद्याच्या बाजारादिवशी पिकअपांच्या गर्दीत तिथं ओळखीच्या माणसाला एकच प्रश्न असतो, "काय निघाला?" उत्तर दहा किलोच्या भावात.

8 डिसेंबर 2023 ला केंद्रानं कांद्याची निर्यात बंद केली आणि भाव कोसळला. नेमका तोच उन्हाळी कांद्याच्या लागणीचा हंगाम. तरी लागणी काही थांबल्या नाहीत. रात्रीची लाइट, उसात बिबट्या, आणि माणसं बॅटरी घेऊन रान भरायला निघालेली. एवढं कशाच्या जोरावर?

मानसशास्त्राकडं एक उत्तर आहे. अमेरिकेतल्या स्किनरनं कबुतरांवर प्रयोग केले. बटणावर चोच मारली की दाणा. दर वेळी दाणा मिळालेलं कबूतर, दाणा बंद झाला की लवकर नाद सोडतं. कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय लागलेलं मात्र कितीतरी वेळ टोचतच राहतं. आपल्याकडचा दाखला टोमॅटोचा. जुलै 2023 मध्ये नारायणगावात क्रेट दोन हजारांच्या वर गेलं, आणि दोन-तीन महिन्यांत टोमॅटो मातीमोल झाला. तो एक जुलै माणसाला पुढची दहा वर्षं लागवड करायला लावतो.

मला हे पटतं, पण अर्धंच. त्या कबुतरांना प्रयोगाआधी मुद्दाम उपाशी ठेवत, हे सांगायचं बहुतेकांकडून राहून जातं. शहरातले पाहुणे शेतकऱ्याच्या जिद्दीचं कौतुक करतात तेव्हाही असंच होतं. जिद्द म्हटलं की भावाचं, बंदीचं कुणी बोलायचं कारण उरत नाही.

एकदा चुलत्यांना विचारलं, "नाना, तोटा झाला तरी परत कांदाच?"

"मोकळं रान बघवत नाय रं डोळ्यांनी," नाना म्हणाले. "वाफा भरला की झोप लागती."

हे खोटं नव्हतं. वाफ्यातनं पाणी फिरताना त्यांचा चेहरा मी पाहिलाय.

काकू चुलीपुढून म्हणाल्या, "ह्यांचं काय ऐकतोस? सोसायटीचं कर्ज कांद्यावर उचललंय. दुसरं लावणार काय?"

नाना हसले. मग बॅटरी चार्जिंगला लावली. त्या आठवड्यात लाइट रात्री बाराची होती.