गुटगुटीत अक्षरे

अक्षराला चेहरा असतो काय, या प्रश्नावर डोके शिणवण्याइतकी सवड शाळामास्तराला सहसा मिळत नाही. मलाही ती मिळाली नव्हती. पण एके दिवशी पहाटे महालातल्या आमच्या शाळेच्या फाटकाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या, आणि तो प्रश्न मला टाळता येईना.

झाले होते ते असे. सहलीचे पत्रक करण्याचे काम माझ्याकडे होते. संगणकावर मी ‘मोदक’ नावाचा फॉन्ट निवडला. सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी घडवलेला, मुंबईच्या ‘एक टाइप’चा हा फॉन्ट २०१५ पासून कोणालाही मोफत वापरता येतो. नावाप्रमाणेच अक्षरे फुगीर, गोलमटोल, पाहताच हसू आणणारी! त्यांत मी लिहिले, ‘चला सहलीला!’ आणि अगदी खाली, मोहरीएवढ्या दुसऱ्या अक्षरांत, पैसे भरण्याची मुदत.

सहलीच्या दिवशी बाई मुलाला नवा सदरा घालून, हाती डबा देऊन घेऊन आल्या. पैसे भरलेले नव्हते. बसमध्ये जागा उरली नव्हती. बाई एवढेच म्हणाल्या, “सर, तुमीच तं लिवलं होतं ना जी, ‘चला’ म्हणून!” मुलगा खाली मान घालून डब्याकडे पाहत होता. बस निघून गेली.

मी खोटे लिहिले होते काय? मुळीच नाही. मुदत पत्रकात छापलेली होती. कोणत्याही वकिलाने मला निर्दोष सोडवले असते. पण मन सोडवीना. शब्द वाचण्याआधी माणूस अक्षराचा चेहरा वाचतो, आणि गुटगुटीत चेहऱ्यावर लहान मुलाइतकाच विश्वास टाकतो. तो विश्वास मी वापरला होता.

यात फॉन्टचा दोष नाही. अक्षर म्हणजे नुसती शाई नव्हे. ‘व’च्या पोटातली पांढरी जागा हेही अक्षरच. ‘मोदक’मध्ये ती जागा फटीएवढी उरते. मोठ्या मथळ्यात त्याची मौज वाटते. तेच अक्षर बारीक छापले तर फट बुजते आणि ‘व’ कोणता, ‘ब’ कोणता, कळेनासे होते. म्हणजे या अक्षरांत आमंत्रण देता येते, अटी लिहिता येत नाहीत. निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांनी जाडजूड ग्रंथ वाचनीय केले. यांनी खाऊचा पुडा, दुकानाची पाटी हसरी करावी. पण अटी कुठे आणि केवढ्या लिहायच्या, हे अक्षर ठरवत नाही, लिहिणारा ठरवतो.

मग सारीच पत्रके कचेरीच्या नोटिशीसारखी रुक्ष असावीत काय? तसेही नाही. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपुरात मारबतीबरोबर बडगे निघतात. त्यांच्यावरची गाऱ्हाणी ठळक अक्षरांत असतात. तिथे थट्टाही मोठी आणि गाऱ्हाणेही मोठे; म्हणून कोणी फसत नाही.

यंदाचे पत्रकही मीच केले. ‘चला सहलीला!’च्या खाली तेवढ्याच गुटगुटीत अक्षरांत लिहिले, ‘पैसे पाच तारखेपर्यंत!’ पत्रक जरा बेढब दिसले. पहिल्याच दिवशी पैसे आणणाऱ्यांत तो मुलगा होता. माझ्याकडे त्याने पाहिले नाही. पावतीवरची बारीक अक्षरे मात्र शेवटपर्यंत वाचली.