शांततेची जकात

खोटं बोलणारी माणसं दोन प्रकारची असतात, असं माझं मत आहे. काही स्वतःच्या फायद्यासाठी बोलतात, काही दुसऱ्याच्या. मी मात्र एकदा एका रस्त्याच्या फायद्यासाठी खोटं बोललो, आणि मला कुठल्या रकान्यात घालावं हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

त्याचं असं झालं. मला सायकलवरून आडवाटेनं भटकायची खोड आहे. सायकल म्हणजे ती हल्लीची, एकवीस गिअरची आणि तेवढ्याच हजारांची नव्हे. माझी काळी, बावीस इंची, मागे कॅरिअर असलेली. गिअर एकच, चढ आला की खाली उतरायचं, हा दुसरा. ही सायकल जुन्नरला माझ्या मामेभावाच्या ओसरीवर माहेरवाशिणीसारखी सुखात असते. मी पुण्याहून एस.टी.नं जातो, तिच्या चाकांत हवा भरतो आणि पहाटे आम्ही दोघं नाणेघाटाच्या वाटेला लागतो. अशी एक फेरी झाली की पुढे महिनाभर रक्तदाबाची गोळी चांगली लागू पडते.

हे आमच्या शेजारच्या अण्णांना कळलं. अण्णा माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच निवृत्त, पण स्वभावानं आकाशवाणी. जिन्यात गाठ पडली की तिसरा मजला येईपर्यंत बातम्या, हवामान आणि बाजारभाव, तिन्ही होऊन जातात. शिवाय रस्त्यानं चालताना दुकानांच्या पाट्या मोठ्यानं वाचायची त्यांना सवय. 'आमची कोठेही शाखा नाही' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून निदान शंभर वेळा ऐकलं असेल.

"मलाही न्या की एकदा," अण्णा म्हणाले. "सायकल येते मला. कॉलेजात असताना सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत गेलो होतो."

माझ्या डोळ्यांपुढे तीसएक किलोमीटरच्या पाट्या उभ्या राहिल्या. "न्यायला काय हो," मी म्हणालो, "पण रस्ता फार उखडलाय. आणि तिकडे बिबटे फार!"

आता यातलं एकही वाक्य पुरतं खोटं नव्हतं, हीच तर मेख. रस्ता कुठे ना कुठे उखडलेला असतोच. आणि बिबट्यांचं म्हणाल, तर माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्रच आहे. पण जुन्नर तालुक्यात बिबट्या हा सबबीचा विषय नाही. उसाच्या आडोशानं येऊन त्यानं माणसं मारली आहेत, लेकरं नेली आहेत. ज्या भीतीपायी तिथली आई तिन्हीसांजेला पोराला अंगणात सोडत नाही, ती भीती मी पाट्या टाळण्यासाठी वापरली. घरात शिरलो तर ही म्हणाली, "काय सांगत होता अण्णांना बिबट्याचं?" मी म्हणालो, "सावध केलं." ती म्हणाली, "हं." या 'हं'ला पस्तीस वर्षांच्या संसारात मला उत्तर सापडलेलं नाही.

माणूस वादात हरला की तत्त्वज्ञान काढतो. मीही काढलं. शांत रस्ता ही चीज अशी की ती वाटली की संपते. पेढे वाटले तर निदान दुसऱ्याच्या तोंडात जातात. शांतता वाटली तर कुणालाच मिळत नाही. मी तुम्हाला सांगितलं, तुम्ही मेव्हण्याला सांगितलं, मेव्हण्यानं गाडी काढली, गाडीत गाणी लावली, झालं! पुरावाही हाताशी होता. पावसाळ्यात नाणेघाटात वारा असा उसळतो की धबधब्याचं पाणी खाली पडायचं सोडून वर उडतं. हा उलटा धबधबा मोबाईलवरून घरोघरी गेला आणि पावसाळ्यातल्या रविवारी तिथे मोटारींची रीघ लागायला लागली. पाणी वर आणि बाटल्या खाली, असा देखावा. तेव्हा जो रस्ता सांगत नाही तोच रस्ता राखतो, असा सिद्धान्त मी मांडला आणि मार्गशीर्षातल्या एका बुधवारी एकटाच निघालो.

काय सांगू तुम्हाला! (सांगायचं नाही असं आत्ताच ठरलं होतं, पण असो.) शिवनेरी पाठीशी राहतो, माणिकडोह धरणाचं पाणी काही वेळ सोबत करतं, आपटाळे मागे पडलं की वाहनं विरळ होतात आणि चावंडचा किल्ला दिसायला लागेपर्यंत आपल्या सायकलच्या साखळीचा आवाज आपल्यालाच ऐकू येतो. भात निघून गेलेली खाचरं, खळ्यावर चाललेली झोडणी, मधूनच हिरड्याची झाडं. पूर गावात कुकडेश्वराचं जुनं दगडी देऊळ आहे. कुकडी नदीचा उगम तिथलाच. मोठी होऊन धरणं भरणारी ही नदी घरातून निघताना अगदी चोरपावलांनी निघते. पुढे घाटघर, उभाच्या उभा जीवधन आणि त्याला चिकटलेला वानरलिंगीचा सुळका. चढ आला. मी दुसरा गिअर टाकला, म्हणजे उतरलो.

घाटमाथ्यावर एक दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. तिथून नाळेतून थोडं खाली उतरलं की सातवाहनांचं लेणं. भिंतींवर ब्राह्मी लिपीतला लेख, राणी नागनिकेचा. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. कुठकुठले यज्ञ केले, किती गाई, घोडे, हत्ती, कार्षापण दान दिले, त्याचा आकड्यांसकट हिशेब. मी उंबऱ्याशी बसून दशम्या सोडल्या आणि म्हटलं, काय ही शांतता!

आणि तिथेच माझ्या सिद्धान्ताला पहिली चीर गेली. राणीनं एवढा मोठा लेख कोरायला हीच जागा का निवडली? गर्दी होती म्हणून! कल्याण, सोपारा इथल्या बंदरांतला माल घेऊन बैलांचे तांडे याच वाटेनं जुन्नरला चढायचे. रांजण नाण्यांसाठी होता, फोटोसाठी नव्हे. पुढे राज्यं बदलली, व्यापार बदलला. 1863 साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली, मोटारींनी माळशेज घाट धरला आणि इथला कोलाहल विझला. म्हणजे मी जिला माझी शांतता म्हणत होतो, ती कुणाच्या तरी बसलेल्या धंद्याची राख होती.

दुसरी चीर घाटघरला गेली. परतताना एका छपराखाली चहाला थांबलो. "काय शांत आहे हो तुमच्याकडे!" मी म्हणालो. चहावाल्या मावशींनी पातेल्यात डोकावून पाहिलं. "शांत घेऊन काय करू, बाबा? सकाळपासनं तुमीच पयले. दूध नासतंय."

"पण पावसाळ्यात गर्दी होते ना?"

"व्हती की. चार पैसं मिळत्यात. मग त्यांच्या बाटल्या आमीच येचतो." मावशींनी दोन्ही बाजू एका दमात मांडल्या. मला सिद्धान्त करायला दोन किलोमीटर लागले होते. मग त्यांनी विचारलं, "एकलेच फिरता? जोडीदार न्हाई?"

मी दोन कप चहा प्यायलो. दुसरा प्रायश्चित्ताचा होता.

पुण्याला परतलो तेव्हा अण्णा जिन्यातच भेटले. "बिबट्या दिसला का हो?" त्यांनी काळजीनं विचारलं. त्या काळजीनं माझी मान खाली गेली. मी म्हणालो, "अण्णा, मी तुम्हाला थाप मारली होती. तुम्ही फार बोलता म्हणून."

अण्णा हसले. रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "बोलतो खरा. पाट्या वाचायची खोड तर हिच्यामुळे लागली. शेवटी शेवटी तिला दिसत नसे ना. हात धरून फिरायला न्यायचो आणि कुठे आलो ते वाचून सांगायचो." किल्ली काढून ते आपल्या दाराशी वळले. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली होती. "आता घर फार शांत असतं हो," ते म्हणाले.

तीच शांतता! मी तिच्यासाठी एस.टी.चं तिकीट काढून जात होतो आणि शेजारच्या दाराआड एक माणूस तिच्यापासून सुटका मिळावी म्हणून जिन्यात उभा राहत होता. ज्याला गजबजलेल्या घरी परत जाता येतं, त्याच्यासाठी ती चैन. जो तिच्यात राहतो, त्याच्यासाठी नासणारं दूध.

माघात आम्ही दोघं गेलो. अण्णांनी आपटाळेपर्यंत एकही पाटी सोडली नाही. दुकानं, शाळा, दवाखाना, 'वळण आहे, सावकाश जा'. पुढे पाट्याच संपल्या, मग चढ आला, मग दमही संपला आणि अण्णा गप्प झाले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझीच मला भीती वाटायला लागली. "अण्णा, बोला की काहीतरी," मी म्हणालो. ते धापा टाकत हातानंच 'वर गेल्यावर' म्हणाले.

लेण्यात शिरले तर समोर ती अजस्र भिंत, अक्षरांनी भरलेली. अण्णा चष्मा पुसून जवळ गेले, लांब आले, पुन्हा जवळ गेले. वाचता न आलेली ही त्यांची पहिलीच पाटी.

"काय लिहिलंय हो?"

मी मला ठाऊक होतं ते सांगितलं. नागनिका, सातकर्णीची राणी. अभ्यासक म्हणतात, हे कोरवलं तेव्हा ती विधवा होती, व्रतस्थ राहत होती. दोघांनी मिळून काय काय केलं, ते तिनं इथे लिहून ठेवलं, येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी.

अण्णा बराच वेळ भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे घरी बोलायला कुणी नव्हतं बिचारीला."

वर आल्यावर आम्ही रांजणात एकेक रुपया टाकला. परतीचा रस्ता उताराचा. अण्णा घाटघरपर्यंत अखंड बोलत होते. मावशींच्या छपराखाली आम्ही चार कप चहा प्यायलो. दूध त्या दिवशी नासलं नसावं.