हरकत असल्यास कळवावे

महापालिकेच्या उद्यान विभागाची जाहीर नोटीस पेपरात येते ती सहसा निविदांच्या गर्दीत, भिंग लावून वाचावी अशा बारीक अक्षरांत. अमुक जागेवरची झाडं तोडण्याचा अर्ज आला आहे, कुणाची हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावे. १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार ही नोटीस त्या झाडाच्या बुंध्यावरही लावावी लागते. ती खिळा ठोकून लावलेली दिसली की हसावं की रडावं, कळत नाही.

२०२०-२१ मध्ये अजनीच्या बाबतीत नागपूरकरांनी या नोटिशीला खरोखरच उत्तर दिलं. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाला तिथल्या रेल्वे वसाहतीच्या जागेवर इंटर मोडल स्टेशन उभारायचं होतं. रेल्वे, बस, मेट्रो सगळं एका ठिकाणी. कल्पना म्हणून त्यात वाईट काही नव्हतं. पण ऐसपैस जुन्या क्वार्टरांभोवती पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली झाडं आड येत होती. त्या परिसराला ‘अजनी वन’ म्हणायला लोकांनीच सुरुवात केली, कॉलेजची पोरं फलक घेऊन उभी राहिली, हरकतींचा ढीग पडला, प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं. तो प्रकल्प त्या रूपात अजनीत उभा राहिला नाही.

त्या लढ्यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. झाडं नेमकी किती, यावरच एकमत नव्हतं. प्रकल्पवाल्यांचा आकडा वेगळा, नोटिशीतला वेगळा, आंदोलकांचा आणखी वेगळा. आता झाड काही लपून बसत नाही. वही घेऊन फिरलं, बुंध्यावर क्रमांक टाकला की मोजणी होते. तरीही आकडे जुळत नाहीत, याचा अर्थ मोजणारा मोजायला निघण्याआधीच कुठल्या तरी बाजूला उभा असतो. ज्याला जागा मोकळी हवी त्याला झाडं कमी दिसतात आणि ज्याला ती वाचवायची आहेत त्याला रोपटंही झाड वाटतं. पर्यावरणाचा विचार करताना खोटेपणा शिरतो तो असा, मोजणीपासूनच.

म्हणून दोन्ही बाजूंना एकच प्रश्न विचारावासा वाटतो. समोरून काय पुढे आलं तर तुम्ही तुमचं मत बदलाल? ‘काहीही आलं तरी नाही’ असं ज्याच्या मनात पक्कं आहे, त्याने सुनावणीला बसू नये. मग तो खुर्चीवरचा अधिकारी असो की माझ्यासारखा झाडांच्या बाजूचा माणूस. आपली माणसं मात्र हा प्रश्न फक्त समोरच्याला विचारतात.

अर्थात दोघांच्या चुकीचं वजन सारखं नसतं, हेही सांगायला हवं. आंदोलकाचा आकडा फुगला तर फार तर त्याची पत जाते. अर्जदाराच्या अहवालात काही राहून गेलं, तर ते राहिलेलं पुढे कुणाच्या तरी घरात शिरतं. मोठ्या प्रकल्पाचा पर्यावरणीय आघात अहवाल ज्या सल्लागार संस्थेकडून तयार होतो, तिचं मानधन प्रकल्पवालाच देतो. या व्यवस्थेत सगळेच लबाड असतात असं नाही, पण प्रामाणिक राहणाऱ्याला ती फार महागात पडते.

नागपूरच्या अंबाझरी तलावाचं घ्या. १८७० चा बांध. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळला, तलाव भरून वाहिला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत, डागा लेआउटसारख्या बऱ्या घरांच्या भागातही, पाणी शिरलं. माणसं गेली. त्यानंतर सांडव्यासमोरच्या विवेकानंद स्मारकाने पाण्याची वाट अडवली का, हा वाद उच्च न्यायालयात पोहोचला. त्याचा निवाडा करण्याचं हे ठिकाण नव्हे. मला खटकतं ते एवढंच की, हा प्रश्न पहिल्यांदा जोरात विचारला गेला तो गाद्या उन्हात वाळत टाकल्यानंतर. तलावाखालच्या माणसाला तर आपण या बांधकामाशी संबंधित आहोत, याचा पत्ताही नव्हता. त्याने हरकत घ्यायची ती कशावर?

कायद्यातही इथे मोठी फट आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण इमारती आणि टाउनशिपच्या प्रकल्पांना जनसुनावणी माफ आहे. म्हणजे शहराचा चेहरा ज्याने रोज बदलतो, नेमकं त्याबद्दल शेजाऱ्याला कुणी विचारत नाही.

जिथे विचारतात तिथली तऱ्हा नागपूरजवळच्या कोराडीत दिसली. औष्णिक वीज केंद्रात ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच उभारण्यासाठीची जनसुनावणी २९ मे २०२३ रोजी झाली. नवतपा चालू असताना! विदर्भाबाहेरच्या वाचकाला यातली गंमत कळायची नाही. कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत इथला माणूस दुपारी दुकानाचं शटरसुद्धा ओढून घेतो. समर्थक आले, विरोधकही आले. अशा वेळी निर्णय आधीच झाल्याचा वास आला, तर लोकांना ते लग्नपत्रिका छापून झाल्यावर मुलीला पसंती विचारल्यासारखं वाटतं. मग पुढच्या सुनावणीला कुणी बोलायला येत नाही, आणि कागदावर नोंद होते की स्थानिकांचा विरोध नव्हता. सुनावणीला गणपूर्तीची अट नाही, म्हणजे मंडप रिकामा असला तरी ती वैध ठरते.

तरीही जायला हवं. किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो, तो आधी जाऊन वाचता येतो. आणि एक तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते. सुनावणी संपताना, कोण काय म्हणालं याची प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रतिनिधीने केलेली नोंद उपस्थितांना वाचून दाखवावी लागते, स्थानिक भाषेत समजावून. त्या वेळेपर्यंत बहुतेक जण उठून गेलेले असतात. जे थांबतील त्यांनी कान देऊन ऐकावं, आणि आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथल्या तिथे उठून म्हणावं, साहेब, हे राहिलं, लिहून घ्या.